मला अडखळतच वाचता येतं, मुलीला काय वाचून दाखवू?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, धाकटा सात महिन्यांचा. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता घरीच ब्लाऊज शिवते. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो. मुलगी यंदापासून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाते. पालकसभेत मॅडमनी सांगितलं की रोज रात्री मुलांना पुस्तक वाचून दाखवा, शक्यतो इंग्रजी. मिस्टरांनी लगेच ऑनलाइन इंग्रजी पुस्तकांचा संच मागवला. मी वाचायला बसते, पण माझे इंग्रजी उच्चार चुकतात आणि मराठीसुद्धा मोठ्याने वाचताना मी अडखळते. मुलगी दोन पानं झाली की उठून पळते, नाहीतर त्या संचातलं कोंबडीचं एकच पुस्तक रोज रोज मागते. धाकटा पुस्तक दिसलं की तोंडात घालतो. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरांना पुस्तकातलं काय कळतं, शाळेत शिकतील की. त्या स्वतः गोष्टी फार छान सांगतात, पण त्यांना वाचता येत नाही. मोबाईलवर गोष्टींचे व्हिडिओ असतात, ते माझ्यापेक्षा कितीतरी छान वाचतात. मग मीच वाचायचा अट्टहास कशाला? आणि वाचायचंच तर कोणत्या भाषेत?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या निम्म्या शंका त्याच्यावरच अडून आहेत. मराठीत वाचा, आणि वाचता वाचता अहिराणीत बोला. मिस्टरांनी आणलेला संच वाया जाणार नाही, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

तुमचं पत्र वाचताना जाणवलं की वाचून दाखवणं म्हणजे मुलीला वाचायला शिकवण्याची तयारी, असं तुमच्या मनाने घेतलंय. म्हणून मग आपले उच्चार शुद्ध हवेत, पुस्तक शेवटपर्यंत पुरं व्हायला हवं, मुलीने मांडी घालून ऐकायला हवं, ही सगळी ओझी तुम्ही स्वतःवर घेतलीत. बहुतेक आईवडील हेच धरून चालतात. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला त्या दहा मिनिटांत वाचन शिकायचं नसतं. तिला तुमच्या मांडीवर बसून एकाच चित्राकडे तुमच्याबरोबर बघायचं असतं आणि त्याबद्दल बोलायचं असतं. एरवी दिवस 'जेव, हात धू, सुईला हात लावू नको' यातच जातो. होडीचं शीड, वाघाची गुहा, रुसलेला ढग हे शब्द घरात यायला काही निमित्त लागतं, आणि ते निमित्त पुस्तक देतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी लहान मुलांची 100 चित्रपुस्तकं घेऊन त्यातले शब्द आईवडिलांच्या मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी ताडून पाहिले होते. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तेवढ्याच लांबीच्या मजकुरात पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द बरेच जास्त निघाले.

आता हे बोलणं कोणत्या भाषेत व्हावं? जिच्यात तुम्हाला वाट सोडून हिंडता येतं, तिच्यात. इंग्रजी पुस्तक हातात असलं की तुम्ही छापलेली ओळ वाचता आणि पान उलटता. मुलीने मधेच विचारलं, ती कोंबडी एकटीच का बसली, तर उत्तर इंग्रजीत सुचत नाही आणि अहिराणीत द्यावं तर वाटतं, शाळेने सांगितलं त्याच्या विरुद्ध होतंय. मग 'ऐक ना नीट' म्हणून आपण पुढे जातो. खरी गोष्ट तिथेच सुटते.

इंग्रजीचं नुकसान होईल ही भीती मनातून काढून टाका. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये जे मांडलं त्याचा मतितार्थ असा की मुलाची एका भाषेतली समज जितकी पक्की, तितका दुसऱ्या भाषेला आधार मिळतो. गोष्टीला सुरुवात असते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो, कोंबडीला राग का आला याला काहीतरी कारण असतं, हे सगळं मुलगी अहिराणीत समजली की इंग्रजीसाठी पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागत नाही. तिथे फक्त शब्द नवे शिकायचे उरतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावं असं म्हटलंय. तुमच्या मुलीचं माध्यम आता ठरलेलं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण शाळेत दिवसाचे काही तास अनोळखी भाषेत जात असतील, तर घरी ओळखीच्या भाषेत भरपूर बोलणं होणं तिला जास्तच गरजेचं आहे. पुढच्या सभेत मॅडमनी विचारलं तर सरळ सांगा, आम्ही रोज वाचतो आणि मराठीत वाचतो. चांगल्या शिक्षिकेला त्याचा आनंदच होईल.

आणि अहिराणीचा संकोच तर मुळीच नको. पुस्तकात 'डोळे' छापलेलं असताना तुमच्या तोंडून 'डोया' आलं तर थांबून दुरुस्त करत बसू नका. मुलगी दोन्ही ऐकेल, दोन्ही तिचंच होईल. आजीशी कसं बोलायचं आणि मॅडमशी कसं, हे मुलं आपल्या कल्पनेपेक्षा फार लवकर ओळखतात. खानदेशातल्या किती घरांत आईवडील मुलांशी ठरवून 'शुद्ध' मराठी बोलू लागतात आणि मग त्यांच्या बोलण्यातली सगळी गंमत निघून जाते, सूचना तेवढ्या उरतात. ते बघून मला फार वाईट वाटतं.

वाचायचं कसं, ते एका पानावर दाखवते. समजा चित्रात एसटी स्टँड आहे आणि खाली एकच ओळ: मनी आणि तिची आजी गाडीची वाट बघत होत्या. ती ओळ वाचा आणि थांबा. लगेच प्रश्न विचारू नका, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. हे अवघड जातं, कारण कोणी गप्प बसलं की आपल्याला राहवत नाही. पण मुलांना बघायला वेळ लागतो. आपण अक्षरं बघतो, त्या वेळी मूल चित्राचे कोपरे बघत असतं. बहुधा तीच कुठेतरी बोट ठेवेल, बाकाखालच्या कुत्र्यावर म्हणा. ती 'कुत्रं' म्हणाली की तिचाच शब्द थोडा वाढवून तिला परत द्या: 'हो, तांबडं कुत्रं. बाकाखाली झोपलंय.' मग एखादा असा प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाहीमध्ये संपणार नाही: 'तिथंच का गं झोपलं असेल?' ती म्हणेल ऊन लागतं, किंवा म्हणेल त्याची आई गाडीतून येणार आहे. दोन्ही उत्तरं चालतात. दुसरं तर मला जास्त आवडेल, कारण तिने पुस्तकात नसलेली गोष्ट तिथल्या तिथे रचली. मग ते चित्र तिच्या आठवणीला जोडा: 'आपण मामाच्या गावाला गेलो तेव्हा स्टँडवर काय खाल्लं होतं?' आता ती पुस्तक विसरून त्या प्रवासाबद्दल बोलेल, खिडकीतून काय दिसलं, कोणाला उलटी झाली, कंडक्टर काय म्हणाला. बोलू द्या. पाच मिनिटं एकाच पानावर गेली आणि पुढचं पान उघडलंच नाही, तर त्या रात्रीचं वाचन उत्तम झालं असं समजा.

हे मी नुसतं अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना असंच वाचायला शिकवलं: उघडे प्रश्न विचारा, मुलाचं वाक्य वाढवून परत द्या, त्याला बोलायला वाव द्या. दुसऱ्या गटातले आईवडीलही मुलांना वाचून दाखवतच होते, पण आपापल्या नेहमीच्या पद्धतीने. महिनाभराने तपासलं तेव्हा पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे होती. 1988 चा हा अभ्यास आहे आणि त्यानंतर ही पद्धत अनेक देशांत वापरली गेली. त्या आईवडिलांना आवाजाचं नाट्य शिकवलं नव्हतं की उच्चारांचा सराव दिला नव्हता. थांबायला आणि ऐकायला शिकवलं होतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एक, वाचताना अक्षरांवर बोट ठेवून 'हे कोणतं अक्षर?' असं विचारणं. तिने स्वतःहून विचारलं तर जरूर सांगा, आपल्या नावातलं अक्षर सापडलं की मुलं हरखतात. पण तुम्ही परीक्षा घ्यायला लागलात की तिला चटकन कळतं आणि पुस्तक दिसलं की ती पळू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी 'मग यातून आपण काय शिकलो?' असं विचारणं. ही सवय आपल्या शाळांनी आपल्या अंगात फार खोल मुरवली आहे. गोष्ट संपल्यावर मूल कधी कधी गप्प बसतं, मनातल्या मनात ती पुन्हा चाळत असतं. तिथे तात्पर्य विचारून आपण त्याचा विचार मोडतो.

आता ती उठून पळते त्याबद्दल. साडेतीन वर्षांचं मूल उठून पळणारच. ती मशीनपाशी खेळत असली आणि तुम्ही दोन हातांवर बसून वाचत असलात तरी तिचे कान तुमच्याकडे असतात. पुढच्या वेळी त्या पानावर आलात की तुम्हाला ते कळेल. तिला धरून बसवू नका. दोन पानांत कंटाळली तर दोन पानांत थांबा आणि तक्रार न करता पुस्तक बाजूला ठेवा. रोज ठरावीक वेळ असली तर बरं, झोपायच्या आधी किंवा दुपारी जेवण झाल्यावर, कारण मुलांना वेळेपेक्षा क्रम लक्षात राहतो: हातपाय धुतले, अंथरूण पडलं, आता पुस्तक. लग्नसराईत ब्लाऊजची गर्दी असेल तेव्हा रात्री तुमच्याने होणार नाही हे उघड आहे. त्या दिवसांत दुपारी खण कापून झाले की पाच मिनिटं घ्या, आणि तेही जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. चार दिवस खंड पडला म्हणून काही बिघडत नाही. वैतागून वाचलेलं मात्र मुलांना लगेच कळतं.

कोंबडीचं पुस्तक ती रोज मागते, तर रोज वाचा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही मुलांना नवे शब्द असलेली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, काहींना तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून तितक्याच वेळा ऐकवले. एकच गोष्ट ऐकलेल्या मुलांनी ते नवे शब्द जास्त चांगले धरले. कारण उघड आहे. पहिल्या वेळी मूल फक्त काय चाललंय तेच समजून घेतं. गोष्ट ओळखीची झाली की मग त्याचं लक्ष शब्दांकडे, चित्रातल्या बारकाव्यांकडे जायला मोकळं होतं. शिवाय पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असण्याचं त्यांना मोठं सुख असतं. दिवसभर सगळं मोठी माणसं ठरवतात, इथे तरी तिचंच खरं होतं.

ते पुस्तक इंग्रजी आहे, आणि संचाचा उपयोग मी याचसाठी राखून ठेवला होता. ती छापलेली वाक्यं वाचायची सक्ती स्वतःवर करू नका. चित्रं बघून ती गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा, रोज साधारण त्याच शब्दांत. ती पाठ झाली की वाक्याचा शेवटचा शब्द गाळा आणि तिच्याकडे बघा, ती तो पुरा करेल. मग अर्धं वाक्य गाळा. काही दिवसांनी ती पुस्तक हातात घेऊन धाकट्याला 'वाचून' दाखवू लागेल. अक्षर येत नसतानाही पान उलटत, योग्य पानावर योग्य वाक्य म्हणत केलेलं ते वाचनच असतं, त्याला कोणी हसू नये. इंग्रजी ओळ वाचायचा भार मिस्टरांनी घ्यावा, त्यांनीच संच आणलाय. आठवड्यातून एखादा वार त्यांचा ठरवा. त्यांचेही उच्चार चुकले तर चुकू देत. बाबा पुस्तक घेऊन बसतात, हे मुलीच्या डोळ्यांसमोर असणं फार मोलाचं आहे.

तुमच्या अडखळण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पत्रात तो शब्द दोन ओळींत येऊन गेला तरी मला वाटतं खरं दुखणं तेच आहे. शाळेत उभं करून वाचायला लावलं असेल, कोणी हसलं असेल, आणि तेव्हापासून मोठ्याने वाचायचं म्हटलं की घसा कोरडा पडत असेल. अशा कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. बालवाडीच्या पालकसभेत पुस्तक हातात दिलं की 'माझा चष्मा घरी राहिला' म्हणणाऱ्या. मुलीपुढे ती भीती बाळगायचं कारण नाही, ती तुमची परीक्षक नाही. तिला तुमचा आवाज हवा आहे, आणि तो तिला जन्माच्या आधीपासून ओळखीचा आहे. 1986 मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काही आयांनी एकच उतारा रोज मोठ्याने म्हटला. जन्मल्यानंतर त्या बाळांना दोन उतारे ऐकवले, तेव्हा तोच ओळखीचा उतारा ऐकू यावा म्हणून ती आपल्या चोखण्याची लय बदलत होती. तुमचा धाकटा पोटात असताना तुम्ही मोठीशी जे बोललात, ते त्यानेही ऐकलंय.

बाकी उपाय साधे आहेत. रात्री वाचायचं पुस्तक दुपारी एकदा मनात वाचून ठेवा. चित्रपुस्तकात शब्द ते किती, पाच मिनिटांत होतं. लांब वाक्यात जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारा. जोडाक्षर अवघड वाटलं तर तोडून म्हणा, किंवा त्याऐवजी तुमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द घाला. हळू वाचा. हळू वाचणं हा दोष धरू नका, लहान मुलांना तेच सोसतं, भरभर वाचणाऱ्या आयांनाच उलट मला 'जरा दमानं' असं सांगावं लागतं. आणि वाघाचा आवाज काढायला लाज वाटत असेल तर काढू नका, साध्या आवाजातली गोष्टही मुलं तितक्याच ओढीने ऐकतात.

मोबाईलमधला आवाज तुमच्यापेक्षा सफाईदार असेल, पण तो तुमच्या मुलीसाठी थांबत नाही. तिने कुत्र्यावर बोट ठेवलं तरी तो पुढेच जातो. वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली होती. काहींशी माणूस समोर बसून बोलला, खेळला, पुस्तकं वाचली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकून घेतले, पडदा बघणाऱ्यांना ते जमलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की वर्षाखालच्या बाळांना पडदा दाखवूच नये आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. तुम्ही स्वयंपाक करताना मुलीने कधी एखादी गोष्ट मोबाईलवर पाहिली तर त्याचा बाऊ करू नका. फक्त तुमच्या दहा मिनिटांच्या जागी तो मोबाईल बसवू नका.

धाकट्याचं पुस्तक तोंडात घालणं वयाला धरूनच आहे. सात महिन्यांचं बाळ जगातली प्रत्येक वस्तू आधी जिभेने तपासतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये अगदी तान्ह्या वयापासून वाचून दाखवायचा सल्ला अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. तेव्हा मोठीला वाचताना त्यालाही मांडीवर घ्या, तो आवाजाची लय ऐकत राहील. त्याला चावायला वेगळं पुस्तक हवं, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? कतरणीतले सुती तुकडे काढा, आधी धुऊन त्यांचा रंग जात नाही ना ते बघा. सहा-सहा इंचांचे चौकोन कापा, दोन चौकोनांच्या मधे पातळ बकरम घालून कडेने पक्की टीप मारा, चार-पाच पानं झाली की एका बाजूने शिवून घ्या. चित्र म्हणून गडद रंगाचे आकार लावा, पांढऱ्यावर लाल चेंडू, पिवळ्यावर काळं मांजर, वाटी, चांदणी. एका पानाला मऊ मखमल, दुसऱ्याला खडबडीत खादी, म्हणजे बोटांनाही काहीतरी वाचायला मिळेल. बटणं, मणी, टिकल्या, सुटी लेस यातलं काहीही लावू नका, निघालं तर घशात अडकतं. मोठीला विचारून चित्रं ठरवलीत तर ते पुस्तक दोघांचं होईल. ती पुस्तकं फाडत असेल तर रागावू नका, चिकटपट्टी आणून फाटलेलं पान तिच्याबरोबर बसून चिकटवा. दुरुस्त करायला शिकलेली मुलं फाडणं आपोआप कमी करतात.

इथे एक सावधगिरीचं सांगून ठेवते, दोघांपैकी कुणाबद्दलही तुम्ही काळजी लिहिलेली नाही तरी. वर्षाचं होईपर्यंत मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचं झाल्यावरही दोन शब्द जोडत नसेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाकडे किंवा आशाताईंकडे विचारता येईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. 'एवढ्याशा पोरांना काय कळतं' असं त्या म्हणतात खऱ्या, पण त्याच पोरीला गोष्टी सांगतात, म्हणजे तिला कळतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना पुस्तक परकं वाटतंय, कारण त्यात त्यांना जागा नाही. ती जागा करून द्या. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात, ती त्यांच्या हातात द्या आणि नातीला म्हणा, आजी सांगेल. चित्रातल्या म्हाताऱ्याचं नाव काय, त्याची म्हैस कोणी नेली, हे त्या इतकं रंगवून सांगतील की तुम्ही मशीन थांबवून ऐकाल. आणि एक काम मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगते: त्यांच्या दोन-चार गोष्टी उतरवून घ्या. चित्रकलेची एक वही आणा, एका पानावर एकच वाक्य, मोठ्या अक्षरात, त्यांच्याच अहिराणीत, आणि समोरच्या पानावर मुलीला चित्र काढू द्या. चित्र म्हणजे नुसत्या रेघोट्या असल्या तरी खाली तिचं नाव घाला. त्या पुस्तकात तुम्ही अडखळणार नाही, कारण ती तुमच्या रोजच्या बोलण्यातलीच वाक्यं आहेत. आणि आजीच्या तोंडून निघालेलं बोलणं कागदावर बसतं आणि उद्या जसंच्या तसं परत ऐकता येतं, हे मुलीला दिसेल. वाचन म्हणजे काय हे याहून चांगलं कोणतीही नर्सरी तिला सांगू शकत नाही.

बाहेरची पुस्तकं घेताना चित्रं मोठी आणि पानावर एक-दोनच ओळी, एवढं बघा. मराठीत छापलेलं सगळंच मराठी वाटतं असं नाही. स्वस्त संचांमध्ये पुष्कळदा घाईने केलेली भाषांतरं असतात. म्हणून दुकानात उभ्या उभ्या एक पान हळू आवाजात पुटपुटून बघा. जीभ अडली तर दोष वाक्याचा आहे, तुमचा नाही, ते पुस्तक परत ठेवा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं भाषेच्या बाबतीत मला फार विश्वासाची वाटतात. नॅशनल बुक ट्रस्ट ही 1957 पासूनची सरकारी संस्था, त्यांची मुलांची मराठी पुस्तकं परवडतात. प्रथम बुक्सचीही किंमत कमी ठेवलेली असते. 2015 मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथे मराठीतली शेकडो चित्रपुस्तकं फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. मोबाईलवर उघडलंत तरी पान तुम्हीच उलटा आणि तुम्हीच वाचा, म्हणजे तो व्हिडिओ होत नाही. आवडलेलं एखादं पुस्तक झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा, बाजूने टीप मारायला मशीन घरातच आहे.

आणि तालुक्याच्या वाचनालयात जाऊन या. महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यामुळे लहान लहान गावांतही अनुदान मिळणारी वाचनालयं उभी राहिली. तुमच्या तालुक्याच्या गावी एखादं असणारच. वर्गणी आणि अनामत किती ते विचारा. मुलीला बरोबर न्या आणि पुस्तक तिलाच निवडू द्या, तिने पुन्हा कोंबडीचंच काढलं तरी. बालविभागाचं कपाट पुष्कळ ठिकाणी कुलपात असतं. ते उघडून द्यायला सांगा, संकोच करू नका, ती पुस्तकं मुलांसाठीच घेतलेली असतात.